अडीच रुपयाला युनिट मिळतं, मग नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळसा वीजकेंद्राच्या चिमण्या अजून का चालू आहेत?

प्रश्न असा आलाय: "सर, मी नाशिकला इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरला आहे. सोलर अडीच रुपये युनिटने मिळतंय तर कोळशाचे संच अजून का चालवतात? सगळं सोलर-विंडवर न्यायला इंजिनिअरिंगची अडचण नक्की कुठे आहे, की नुसतं राजकारण आहे? आणि मी प्रोजेक्ट कशावर करू?"

राजकारण आहेच गं, पण ते चहाच्या टपरीवर बोलू. इंजिनिअरिंगचं सांगतो, आणि जरा लांबणार आहे, कारण माझी एकतीस वर्षं औष्णिक केंद्रांत गेली, आधी बॉयलर मेंटेनन्स, मग टर्बाईन, मग ऑपरेशनला डेस्कवर, आणि रिटायर झाल्यावर आता सिन्नर-निफाड-येवल्याकडे छोटे सोलर प्लांट चालू करून द्यायची कामं घेतो. म्हणजे एक पाय राखेत आणि दुसरा पॅनलवर. त्यामुळे दोन्हीकडची बाजू घेतली तर चिडू नकोस.

पहिली गोष्ट, युनिट बनवणं हा प्रॉब्लेम बऱ्यापैकी सुटलाय. आपल्या देशात २०२५ मध्ये बसवलेल्या क्षमतेतली अर्धी कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांची झाली. पण ती क्षमता, मेगावॅट. प्रत्यक्ष युनिटं मोजायला बसलीस तर अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. या दोन आकड्यांमधली जी फट आहे ना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ग्रिड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, हे काही गंगापूर धरण नव्हे, की पावसाळ्यात भरलं आणि उन्हाळ्यात सोडलं. ज्या सेकंदाला कोणीतरी मिक्सर लावला त्याच सेकंदाला तेवढी वीज कुठेतरी तयार व्हायलाच लागते, नाही झाली तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून खाली सरकते, जास्त झाली तर वर. डेस्कवर बसणाऱ्या माणसाची नजर आयुष्यभर त्या एका आकड्यावर असते, बायकोचा वाढदिवस विसरेल पण ४९.९ दिसलं की खुर्चीत सरळ बसतो.

५ एप्रिल २०२० आठवतो का, तू शाळेत असशील. रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. अंदाज होता देशभरात १२-१४ हजार मेगावॅट लोड, म्हणजे विजेची मागणी, कमी होईल, प्रत्यक्षात कमी झालं ३१ हजारांच्या आसपास, आणि थोड्याच वेळात परत वर आलं. फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ एवढी हलली पण ग्रिड टिकलं. टिकलं ते मुख्यत्वे हायड्रोमुळे, म्हणजे जलविद्युत केंद्रांमुळे, त्यांनी एकट्यांनी १७ हजार मेगावॅटच्या वर कमी केलं आणि परत चढवलं. पाण्याचा गेट बंद करायला काही सेकंद लागतात, बॉयलरमधली आग तशी विझवता-पेटवता येत नाही. आणि हा सगळा प्रकार आधी तारीख-वेळ सांगून झाला होता बरं का, सगळे तयारीत बसलेले. सूर्य हेच रोज करतो, जरा सावकाश करतो पण संध्याकाळी पाच ते सातमध्ये सगळीच सोलर काढून घेतो, आणि नेमकं तेव्हाच घराघरात लाईट, टीव्ही, कुकर, एसी सुरू.

आता गंमत बघ. आमच्या काळात लोड कमी कधी असायचं तर पहाटे दोन ते चार. कोळशाचे संच तर रात्रीही एका ठराविक लोडच्या खाली नेता येत नाहीत, मग मागणीच्या त्या खड्ड्यातली वीज द्यायची कुणाला? शेतीपंपांना. शेतकऱ्याला रात्री वीज देण्यामागे भारनियमनाची बरीच कारणं होती, पण हे एक तांत्रिक कारण होतंच. निफाडचा शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचा, बिबट्याची भीती पोटात घेऊन, त्यात आमच्या बॉयलरच्या सोयीचा वाटा होता, हे आता रिटायर झाल्यावर बोलायला काही वाटत नाही. आज, सोलर वजा करून उरणाऱ्या मागणीचा तो खड्डा पहाटेवरून दुपारी बारा-एकला सरकलाय. म्हणजे पंप दिवसा चालवले तर बिबट्याचा प्रश्नही हलका होतो आणि ग्रिडचाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनच्या आसपासच काही मेगावॅटचे प्लांट टाकून शेतीचे फीडर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनी) दिवसा चालवायचं जे काम चाललंय ते मला या सगळ्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. हिशोब सोपा आहे, ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट, एका वेळी चालणारे एक लाख पंप रात्रीतून दिवसात आणले की साडेतीनशे मेगावॅटच्या वर रात्रीचं लोड गेलं. ना डोंगर पोखरायचा ना लिथियम आणायचं.

अर्थात फील्डवर गेलं की त्यातही काटे निघतात. आपल्याकडे प्रत्येक पंपाला ऑटो स्विच. वीज आली रे आली की फीडरवरचे सगळे पंप एकदम उचलतात, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते, आणि सकाळी नऊला ऊन अजून कोवळं असतं. मग व्होल्टेज बसतं, कुठेतरी फ्यूज जातो, शेतकरी म्हणतो सोलर आलं आणि वीज खराब झाली. उपाय फार महाग नाही, फीडरचे दोन-तीन भाग करून पाच-दहा मिनिटांच्या अंतराने घ्यायचे, ऑटो स्विचला टायमर टाकायचा, कपॅसिटर बसवायचा आणि तो कुणी काढून ठेवणार नाही हे बघायचं. पण हे कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये नसतं.

बरं, आता कोळशाकडे येतो, कारण तिथे मला जास्त कळतं. लोकांना वाटतं सोलर वाढलं की कोळशाचे संच एकेक करून बंद होतील. तसं होत नाही, आधी त्यांचं काम बदलतं. दिवसभर मागे राहायचं आणि संध्याकाळी धावून यायचं. एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, १९७९ ते १९८१ च्या दरम्यानचे. या पिढीचे संच बनवले तेव्हा कल्पना अशी होती की हे एकदा पेटवले की महिनोन्महिने एकाच लोडवर चालणार. हायवेसाठी बनवलेला ट्रक रोज द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये घालायचा, तसं चाललंय आता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम सांगतात की संच ४० टक्क्यांपर्यंत खाली यायला पाहिजे, आणि वरच्या टप्प्यात मिनिटाला ३ टक्के या वेगाने लोड चढवता-उतरवता आलं पाहिजे. २१० चे ४० टक्के म्हणजे ८४ मेगावॅट. कागदावर बरं दिसतं.

प्रत्यक्षात काय होतं ऐक. वाफ ५३५-५४० डिग्रीची, आणि बॉयलरच्या ड्रमची भिंत चार-पाच इंच जाड लोखंड. आतल्या बाजूचं तापमान पटकन बदलतं, बाहेरची बाजू मागे राहते, मग त्या जाडीतच ताण तयार होतो. टर्बाईनच्या रोटरलाही तेच. एकदा झाला तर काही नाही, पण रोज सकाळी खाली, संध्याकाळी वर, वर्षाला तीनशे-साडेतीनशे वेळा. तार हाताने वाकवून-वाकवून तोडतो ना आपण, तसं. त्यात हे लोखंड आधीच वर्षानुवर्षं तापून क्रीपने, म्हणजे उष्णतेत ताणाखाली हळूहळू ताणलं जाऊन, थकलेलं, त्यावर ही वाकवा-वाकवीच्या फटीगची भर, आणि दोन्ही मिळून नुसत्या बेरजेपेक्षा जास्त नुकसान करतात. दुसरं, लोड कमी केलं की भट्टीत कोळसा कमी, ज्वाळा अस्थिर. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के, तो ओला असला की विचारू नकोस. मग ऑईल गन लावून ज्वाळा धरून ठेवायची, म्हणजे कार्बन वाचवायला लोड कमी केलं आणि वरून तेल जाळलं. तिसरं टर्बाईनच्या शेवटच्या रांगेतली पाती, ती लांबच लांब, ३००० आरपीएमला फिरणारी. कमी लोडला वाफ एवढी थोडी होते की पाती वाफेकडून काम घ्यायच्या ऐवजी वाफच घुसळत बसतात, तापतात, थरथरतात, आणि वाफेतले पाण्याचे थेंब त्यांच्या कडा खातात.

एक प्रसंग सांगतो, केंद्राचं नाव राहू दे. जुलै महिना, रात्रपाळी, धो धो पाऊस. कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याचं ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राचा फोन, लोड खाली घ्या. विंड जोरात होतं त्या दिवसांत, धुळ्याकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच खऱ्या फिरतात. संच १२० मेगावॅटवर आणला, तीन मिलवर (कोळसा दळायच्या चक्क्या) चालवत होतो. ओल्या कोळशाने एका मिलचा फीडर, म्हणजे तिला कोळसा पुरवणारं यंत्र, चोक झाला, बंकरवर पोरं घण मारत बसली. दोन मिलवर भट्टी, ज्वाळा आहे का बघणाऱ्या फ्लेम स्कॅनरचे दिवे लुकलुकायला लागले, मी ओरडलो ऑईल गन घ्या, एक गन पेटली, दुसरी आलीच नाही, गाळणी चोक, कारण महिनोन्महिने ती कुणी वापरलीच नव्हती. फ्लेम फेल्युअर, बॉयलर ट्रिप म्हणजे आपोआप बंद, टर्बाईन ट्रिप. पहाटेपर्यंत संच परत सिंक्रोनाईज केला, म्हणजे ग्रिडला जोडला, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. चौथ्या दिवशी बॉयलरचं ट्यूब लीकेज झालं आणि संच तीन दिवस बंद. चौकशीत ते लीकेज म्हणजे वेगळीच घटना म्हणून लिहिलं गेलं. मला आजही खात्री आहे की ती त्या रात्रीचीच उधारी होती. असं मशीन त्याच दिवशी मरत नाही, पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी मरतं, म्हणून या खर्चाचा हिशोब कुठल्याच युनिटच्या दरात नीट दिसत नाही. तू जो अडीच रुपयांचा दर म्हणतेस त्यात ही उधारी नाहीये, ती दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली आहे.

हे सगळं जमतं बरं का, जमत नाही असं मी म्हणत नाही. कंट्रोल सिस्टीम बदलायची, प्रत्येक मिलमधून बर्नरला जाणारी हवा-कोळसा नीट समान करायचा, स्कॅनर चांगले लावायचे, ड्रम-हेडरवर तापमानाचे जास्त पॉईंट घ्यायचे, आणि ऑपरेटरला सिम्युलेटरवर बसवायचं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संचावर एवढा खर्च करायचा का, हा प्रश्न इंजिनिअर एकटा सोडवू शकत नाही.

आता एक असा मुद्दा जो तुमच्या सिलॅबसमध्ये असतो पण कुणी मनावर घेत नाही, इनर्शिया, म्हणजे फिरत्या वजनाचं जडत्व. २१० मेगावॅटच्या संचाचा टर्बाईन-जनरेटरचा तो सगळा फिरता दांडा, त्यात किती ऊर्जा साठलेली असते माहितीये? साधारण अडीचशे-तीनशे युनिट. बस. एखाद्या एसीवाल्या घराचं महिन्याचं बिल. पण कुठे दुसरा मोठा संच ट्रिप झाला की त्याच क्षणी, कुणी काही सांगायच्या आत, हा दांडा आपली थोडी गती देऊन ग्रिडला ऊर्जा देतो. कुठला सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही, सरळ न्यूटन. त्यामुळे फ्रिक्वेन्सी धाडकन न पडता उतारावरून घरंगळल्यासारखी पडते, आणि गव्हर्नरला (टर्बाईनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला) वाफेचा व्हॉल्व्ह उघडायला ते चार-पाच सेकंद मिळतात. सोलर इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनलची डीसी वीज एसी करणाऱ्या पेटीत, फिरणारं काहीच नाही. दुपारी बाराला अर्धं लोड सोलरवर असेल तर तेवढे दांडे कमी फिरतायत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजचे बहुतेक इन्व्हर्टर स्वतः ताल धरत नाहीत, ग्रिडचा ताल ऐकून त्याप्रमाणे करंट सोडतात. दिंडीत कसं असतं, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात तेव्हा बघ, टाळकरी शंभर असले तरी लय मृदंगाच्या हातात. मृदंग काढून घे, टाळकरी एकमेकांचं ऐकून वाजवत राहतील पण दोन मिनिटांत लय पळायला लागते. ग्रिडमध्ये मृदंग वाजवणारे जुने जड जनरेटर होते. आता ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर येतायत जे स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरतात, बॅटरीबरोबर लावले तर चांगले चालतात. पण त्यांची मर्यादा लक्षात ठेव, आतली सेमीकंडक्टरची जोडणी आपल्या रेटिंगच्या सव्वा-दीड पटीपेक्षा जास्त करंट देऊ शकत नाही, जळून जाईल. जनरेटर फॉल्टमध्ये, म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये, सुरुवातीला पाच-सहा पट देतो. आणि आपल्या सगळ्या ओव्हरकरंट रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणाऱ्या) याच भरवशावर सेट केलेल्या आहेत की फॉल्ट झाला की करंट खूप वाढतो! अंबड-सातपूरला एवढं स्विचगिअर बनतं, तिथल्या टेस्टिंगवाल्यांना विचार, फॉल्ट करंट कमी झाला तर ब्रेकरला आनंदच आहे, पण रिलेला कळलंच नाही तर ब्रेकर उघडणार कोणाच्या सांगण्यावरून? (जाता जाता, मोठ्या व्होल्टेजच्या ब्रेकरमध्ये एसएफ-६ गॅस असतो, तो कार्बन डायऑक्साईडच्या वीस हजार पटींहून जास्त तापवणारा. हरित विजेच्या सबस्टेशनमधून तो गळला तर? म्हणून ३३ केव्हीपर्यंत व्हॅक्यूम, आणि वरच्या रेंजला पर्याय शोधणं जोरात चालू आहे. हाही प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो पण कॉलेजच्या लॅबमध्ये झेपणार नाही.)

मग जुने संच बंद करताना मला एक गोष्ट कायम वाटते, बॉयलर भंगारात गेला तरी चालेल, जनरेटर टाकू नका. टर्बाईनपासून सोडवून तो ग्रिडवर नुसता मोकळा फिरवला की सिंक्रोनस कंडेन्सर होतो, थोडी वीज खातो पण व्होल्टेज धरतो, इनर्शिया देतो, फॉल्ट करंट देतो. जर्मनीत बिब्लिसचं अणुकेंद्र २०११ ला बंद झालं आणि २०१२ पासून तिथला एक जनरेटर असाच वापरात आणला. आपल्याकडे जुन्या केंद्रांत ट्रान्सफॉर्मर, स्विचयार्ड, लाईनी, माणसं सगळं तयार आहे. यातलं अर्थकारण बसतं की नाही ते जागेनुसार बघावं लागेल, पण निदान बघा तरी.

इन्व्हर्टरच्या सेटिंगवरून एक आठवलं. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं. वादळाने टॉवर पडले, त्यामुळे एकापाठोपाठ व्होल्टेजचे झटके बसले, आणि अनेक पवनचक्क्यांच्या कंट्रोलमध्ये असं सेटिंग होतं की ठराविक वेळात ठराविक झटके झाले की मागे हटायचं. ग्रिड चालवणाऱ्यांना हे सेटिंग माहीतच नव्हतं. चारशेहून जास्त मेगावॅट काही सेकंदांत गेले आणि उरलेलं ओझं शेजारच्या राज्याला जोडणाऱ्या एका लाईनवर, इंटरकनेक्टरवर, येऊन तोही तुटला. यात विंडचा दोष नव्हता, मेनूमधल्या एका आकड्याचा होता. मी आता सोलर प्लांट चालू करताना सेटिंगची प्रिंट काढून सही घेतो, पोरं हसतात. हसू देत.

स्पेन-पोर्तुगालचं २८ एप्रिल २०२५ चं प्रकरण तू वाचलं असशील, तिथे व्होल्टेज वाढत गेलं आणि एकामागून एक केंद्रं बाहेर पडली. व्होल्टेज कमी होण्याची भीती आपल्याला पिढ्यानपिढ्या आहे, जास्त होण्याची नवीन आहे. आणि ही गोष्ट बघायला स्पेनला जायची गरज नाही, आपल्या इंदिरानगरला चल. एका ओळखीच्यांच्या बंगल्यावर सोलर बसवलं, दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर बंद, परत चालू, परत बंद. बसवणारा म्हणतो इन्व्हर्टर चांगला आहे, वीजवाले म्हणतात आमची लाईन चांगली आहे, आणि दोघंही खरं बोलत होते! झालं असं की त्या गल्लीत एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, आठ-दहा घरांनी सोलर लावलं, दुपारी सगळे ऑफिसात, वापर शून्य, सगळी वीज उलटी डीपीकडे निघाली. वीज ज्या दिशेने जाते तिकडे व्होल्टेज पडत जातं, म्हणजे शेवटच्या घराला ते सगळ्यात जास्त, २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बाजूला होतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायची जोडणी) मात्र जुन्या काळचा, संध्याकाळी शेवटच्या घराला व्होल्टेज पुरावं म्हणून वर ठेवलेला. टॅप खाली घेतला तर संध्याकाळी तक्रार, वर ठेवला तर दुपारी. एकाच वायरवर दिवसातून दोनदा उलटसुलट वाहतूक, आणि वायर टाकताना ती वन-वे म्हणून टाकलेली.

साठवणुकीचं आता. सगळे म्हणतात बॅटरी टाका. टाकाव्यात, दोन-चार तासांसाठी आज बॅटरीसारखं झटपट दुसरं काही नाही, जागेवर सहा-आठ महिन्यांत उभी राहते आणि फ्रिक्वेन्सी धरायला कोळशाच्या संचापेक्षा कितीतरी पटाईत. पण तिला पंचवीस डिग्रीच्या आसपास थंडावा लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळीसला टेकतं, म्हणजे ती ज्यात ठेवतात त्या कंटेनरचा एसीच तिची बरीच वीज खातो, आणि एसी बंद पडला तर आयुष्य घटतं ते वेगळं. आगीचं तंत्र तर आपल्या फायर ब्रिगेडला अजून नवीन आहे, लिथियमची आग पाणी मारून लगेच विझत नाही, विझली वाटते आणि परत पेटते.

सहा-आठ तासांसाठी मला डोंगर जास्त भरवशाचा वाटतो. घाटघर बघून ये, इगतपुरी-भंडारदऱ्याच्या पट्ट्यात, २५० मेगावॅट, २००८ पासूनचं. वर एक तलाव, सह्याद्रीच्या कड्याखाली दुसरा, मध्ये चारशे मीटरच्या वर उंची. पंप करताना वीज खायची, सोडताना द्यायची, शंभर घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत. आता नाशिककरांच्या भाषेत हिशोब, हजार लिटर पाणी चारशे मीटरवरून खाली सोडलं की किती वीज मिळते? जेमतेम एक युनिट. एक टाकी पाणी, एक युनिट! ऐकून निराश होतात लोक. पण २५० मेगावॅट सहा तास चालवायला १५ लाख युनिट, म्हणजे १५ लाख घनमीटर, म्हणजे साधारण ५३ दलघफू (दशलक्ष घनफूट). गंगापूर धरण ५६३० दलघफूचं, त्याचा शंभरावा भाग. आणि पाणी संपत नाही, तेच वर-खाली करत राहतं, बाष्पीभवनाची तूट तेवढी भरायची. सह्याद्रीची ही भिंत म्हणजे महाराष्ट्राला फुकट मिळालेली बॅटरी आहे. फुकट म्हणजे उंची फुकट, बाकी बोगदे, जंगलाच्या परवानग्या, खाली राहणारी गावं, हे सगळं मोजलं की सात-आठ वर्षं कुठे गेली कळत नाही. मी ज्या साईटवर गेलो होतो तिथे बोगद्यात अपेक्षा नसताना पाणी लागलं आणि काम एक अख्खा सीझन मागे गेलं. बेसॉल्ट एकसंध दिसतो पण त्यात थरांच्या मध्ये लाल बोलची माती असते, ती ओली झाली की साबणासारखी.

हायड्रोजनबद्दल फार बोलत नाही. एक किलो बनवायला ५०-५५ युनिट, त्यातून परत वीज केली तर सतरा-अठरा युनिट हातात. खत कारखान्याला, स्टीलला द्या, छान आहे, पण विजेची साठवण म्हणून सांगायला कुणी आलं तर हा आकडा विचार. चिमणीतून कार्बन पकडायचं तंत्रही चालतं, पण त्याला लागणारी वाफ संचाचीच काढायची, पाचवा ते चौथा हिस्सा वीज त्यातच जाते. आपल्या जुन्या संचांना तर ते मुळीच परवडणार नाही. अणुऊर्जा मला पटते, तारापूर १९६९ पासून आहे, काक्रापारला आपल्याच ७०० मेगावॅटच्या अणुभट्ट्या २०२३-२४ मध्ये चालू झाल्या, पण तिलाही एका लोडवर चालायला आवडतं आणि बांधायला वेळ लागतो, म्हणजे संध्याकाळच्या चढाचं काम ती करणार नाही.

द्राक्षाच्या काड्यांबद्दल मला बरेच शेतकरी विचारतात, ऑक्टोबर छाटणीच्या काड्या कोळशात मिसळून जाळता येतील का. येतात, पेलेट करून थोड्या प्रमाणात मिसळायचा नियमच आहे. पण मिलमध्ये कोळसा दळला जातो, काडी तंतू-तंतू होते, आणि गरम हवेत मिलमध्येच पेट घेऊ शकते. त्यामुळे हवेचं तापमान उतरवावं लागतं, मग कोळसा नीट वाळत नाही. प्रत्येक ठिकाणी असं एक टोक ओढलं की दुसरं उसवतं.

लाईनींचं राहिलंच. सोलर पार्क वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, ४०० केव्हीची लाईन त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते, आणि राजस्थानात तर माळढोकमुळे तारा जमिनीखाली टाकायच्या की नाही यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मग तयार वीज फेकून द्यावी लागते. यात इंजिनिअरिंग थोडं आणि सातबारा जास्त.

तर प्रोजेक्ट. मोठं सिम्युलेशन करू नकोस, ते सगळे करतात आणि एकाच सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट लावतात. तुझ्या गल्लीतली एक डीपी निवड जिच्यावर चार-पाच तरी सोलर आहेत. डीपीजवळच्या घरात एक आणि शेवटच्या घरात एक असे दोन व्होल्टेज लॉगर लाव, मिनिटाला एक रीडिंग, किमान पंधरा दिवस. त्यात एक रविवार येऊ दे, घरी सगळे असतात तेव्हा दुपारचा आलेख वेगळा दिसतो. शेजारच्यांकडून इन्व्हर्टरची ट्रिपची नोंद माग, ॲपमध्ये असते. मग इन्व्हर्टरला थोडी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेज कमी-जास्त करणारी) घ्यायला लावली तर शेवटच्या घराचं व्होल्टेज किती उतरतं ते गणित कर, पण आपल्या गल्लीतल्या वायरचा रेझिस्टन्स जास्त आणि रिॲक्टन्स कमी असतो म्हणून पुस्तकात लिहिलंय तेवढं उतरणार नाही, का नाही उतरत हाच तुझा खरा चॅप्टर. मार्च ते मेमध्ये कर, पावसाळ्यात काही दिसणार नाही. आणि टॅप कुठल्या पोझिशनला आहे ते बघायला डीपीचं दार स्वतः उघडायचं नाही, तिथल्या लाईनमनला विचार, एका चहात तो तुला मी सांगितलं त्याहून जास्त सांगेल.